कोकणात राहून हवामानबदलावर संशोधन करायचं तर विषय कुठला घ्यावा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालीस, घर देवगडला, वडिलांची हापूसची बाग आहे, आता पीएच.डी. करायची आहे. ऊर्जा, पर्यावरण आणि हवामानबदल या क्षेत्रांत संशोधनाचा कल सध्या कुणीकडे आहे, हे काम कोकणात राहून जमेल की पुणे-मुंबई गाठावीच लागेल, आणि मार्गदर्शकांनी सुचवलेला ‘उपग्रहचित्रं व मशीन लर्निंग वापरून कांदळवनांचं मोजमाप’ हा विषय घ्यावा का?

मी सव्वीस वर्षं रत्नागिरीत पर्यावरणशास्त्र शिकवतो आहे आणि माझं सगळं संशोधन याच किनाऱ्यावर झालं आहे. उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाच.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातलं कांदळवन, म्हणजे खाडीकाठचं तिवर-चिप्पीसारख्या झाडांचं जंगल, २०१५ साली २२२ चौरस किलोमीटर होतं, २०१७ साली ते ३०४ झालं. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटर. तिवर किती वेगानं वाढतो हे तू लहानपणापासून पाहते आहेस. माझ्या मते यातली काही वाढ खरी आहे आणि काही सुधारलेल्या मोजणीमुळे नव्यानं दिसू लागलेली. पण जी खरी वाढ झाली ती नेमकी कुठे झाली, हे मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दाखवलं.

राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठी आम्ही नकाशा पडताळायला गेलो होतो. हातात जीपीएस, पाय गुडघाभर चिखलात. नकाशावर तो तुकडा दाट हिरवा होता आणि प्रत्यक्षातही तिवर नि चिप्पी डोक्याच्या वर गेलेली. नकाशा बरोबर होता. आम्ही खूण करून पुढे निघणार, तेवढ्यात आजोबांनी काठीनं मुळं बाजूला सारली. खाली चिऱ्यांची चौकट होती, शेवाळलेली, एका अंगाला खचलेली. ती उघाडी होती. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीचं पाणी अडवायचं, ती झडप बसायची जागा. ‘हितं आमी राता पेरायचो,’ ते म्हणाले. राता म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणारं जुनं भात. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाची डागडुजी दर वर्षी पावसाआधी सगळी वाडी मिळून करायची. माणसं मुंबईला गेली, बांधाला हात कमी पडू लागले, एका उधाणात बांध फुटला आणि बघता बघता कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, तिवरांनी भरले.

आता तो एक हिरवा ठिपका बघ. सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रात तो दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन आहे. कार्बनचा हिशेब करणारा म्हणेल, चिखलात कार्बन साठतो आहे, फायदा झाला. मासळीचा अभ्यासक म्हणेल, पिल्लांना आसरा मिळाला, फायदा झाला. आजोबांची शेती गेली. शेजारच्या विहिरीला मचूळ पाणी येऊ लागलं. शिवाय कांदळवन तोडण्यावर उच्च न्यायालयाची बंदी असल्यानं ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणणं जवळपास अशक्य. चौकोन एकच आणि चार माणसांचे चार निष्कर्ष. हे चारही निष्कर्ष एका ठिकाणी मांडणारा अभ्यास कोकणापुरता अजून व्हायचा आहे असं मला वाटतं, आणि तो तू करू शकतेस.

म्हणून मार्गदर्शकांचा विषय घे, पण प्रश्न बदलून घे. ‘किती हेक्टर वाढलं’ हे कुणीही पुण्यात किंवा परदेशात बसून काढेल. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत, फुकट मिळतात, आज्ञावल्याही तयार आहेत. तुझा प्रश्न असा असू दे: वाढलेल्या कांदळवनापैकी किती पडीक खारजमिनीवर आलं, बांध कधी आणि का फुटला, जमीन कुणाच्या नावावर आहे, विहिरींचं काय झालं. यासाठी सातबारा लागेल, जुने भूमापन नकाशे लागतील, खारभूमी योजनांच्या नोंदी लागतील आणि पन्नाससाठ म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागेल. मशीन लर्निंग त्यानंतर.

हे मी का सांगतो ते समजायला या क्षेत्रातला वारा कसा फिरला ते बघावं लागेल.

पहिला टप्पा ‘हे खरंच घडतंय का’ या प्रश्नाचा होता. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइड जास्त तापतो हे दाखवलं. अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये त्याचा हिशेब मांडला. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा हवेत दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या वर आहे. २०१३ मध्ये ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश तपासून, ज्यांत कारणाबद्दल मत नोंदवलं आहे त्यांपैकी ९७ टक्के निबंध माणसामुळेच तापमान वाढतं आहे असं मानतात, हे दाखवलं गेलं. २०२१ मध्ये ८८,१२५ निबंधांचा धांडोळा घेतल्यावर हा आकडा ९९ टक्क्यांच्या पुढे गेला. संशोधनाच्या दृष्टीनं तो प्रश्न मिटला आहे.

तरीही आपल्याकडे दर वर्षी असंख्य प्रबंध याच प्रश्नाभोवती फिरतात. एका जिल्ह्याचा तीस वर्षांचा पाऊस घ्यायचा, कल तपासणारी मान-केंडॉल ही सांख्यिकी चाचणी लावायची, कल वाढता की घटता ते लिहायचं, शेवटी ‘हवामानबदलाचा परिणाम दिसून येतो’ असं वाक्य टाकायचं. हे करू नकोस. तीस वर्षांत पाऊस आपोआपच वरखाली होतो आणि एका जिल्ह्याच्या एवढ्या आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही. मी स्वतः असे प्रबंध तपासले आहेत. त्यामागची मेहनत खरी असते आणि हाती काही लागत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा टप्पा कारण वाटून देण्याचा. यामागचा गणिती विचार क्लाउस हासेलमन यांचा, त्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नैसर्गिक चढउतारांच्या गोंगाटातून माणसाच्या कृतीचा ठसा कसा वेगळा काढायचा, हे त्यांनी दाखवलं. आज एखादं वादळ, एखादी उष्णतेची लाट झाली की काही आठवड्यांत ‘तापमानवाढ नसती तर ही घटना किती विरळ झाली असती’ याचं उत्तर देणारे गट काम करतात.

आपल्या दृष्टीनं मात्र याच्या पुढची पायरी जास्त मोलाची आहे, ती म्हणजे एकावर एक येणाऱ्या घटना. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर आठव. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. घाटमाथ्यावरचं पाणी वाशिष्ठीत उतरत होतं. नदीचं पात्र गाळानं भरलेलं. खाडीला भरती. वरून कोळकेवाडी धरणातून सोडलेल्या पाण्याबद्दल नंतर कितीतरी वाद झाले. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. यांतलं एकेक कारण सुटं घेऊन लिहिलेले निबंध सापडतात. चारही एकाच वेळी जुळून येण्याची शक्यता किती, आणि पुढच्या तीस वर्षांत ती कशी बदलेल, हा खरा प्रश्न. त्याला जलविज्ञान येणारा माणूस लागतो, हवामानाचा लागतो, आणि बाजारपेठेत पाणी किती वाजता कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे भिंतीवरच्या खुणांवरून नोंदवणाराही लागतो. त्या खुणा रंगरंगोटीत पुसल्या जातात. एकदा पुसल्या की गेल्या.

कोयनेचं पाणी हा तर ऊर्जा आणि पर्यावरण एकत्र शिकवणारा धडाच आहे. १९६० मेगावॅटचा हा प्रकल्प पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचं पाणी पश्चिमेला वळवतो. पाणीवाटपाच्या निवाड्यात त्यासाठी ६७.५ टीएमसी ठरलेलं आहे. वीज तयार झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीत येतं, आणि बरंचसं सरळ समुद्राला मिळतं. ज्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात, त्याच जिल्ह्यातून. आता सौर आणि पवनऊर्जा वाढल्यामुळे वीज साठवण्याचा प्रश्न पुढे आला आहे आणि सह्याद्रीत उदंचन जलविद्युत प्रकल्पांची मोठी तयारी चालू आहे. दिवसा स्वस्त वीज वापरून पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज काढायची. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. या प्रकल्पांखाली कुठलं जंगल जातं, खालच्या झऱ्यांवर काय परिणाम होतो, यावर स्वतंत्र अभ्यास फार थोडे आहेत. हा विषय पुढची पंधरा वर्षं तापलेला राहणार.

ऊर्जेच्या संशोधनाबद्दल एक मोठी गोष्ट लक्षात घे. १९९० ते २०१८ या काळात जगभर दिल्या गेलेल्या संशोधन अनुदानाचा आढावा दोन अभ्यासकांनी घेतला. हवामानबदल रोखण्याच्या सामाजिक बाजूवर खर्च झालेला वाटा एकूण निधीच्या ०.१२ टक्के होता. म्हणजे सौर पॅनेल कसं बनवावं यावर अफाट पैसा खर्च झाला, आणि लोक ते का घेतात, का नाकारतात, जमीन कुणाची जाते, यावर जवळपास नाहीच. आता दहाएक वर्षांत ही उणीव जाणवू लागली आणि ‘ऊर्जा-न्याय’ नावाची एक जोरदार शाखा उभी राहिली.

कोकणाइतकी या शाखेची मोठी प्रयोगशाळा दुसरी नसेल. नव्वदच्या दशकातला दाभोळचा वीजप्रकल्प, नंतर जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नंतर नाणारचा आणि त्यानंतर बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प, सगळेच वादात सापडलेले. जैतापूरचा प्रस्ताव १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा, म्हणजे ९९०० मेगावॅटचा. २०११ मध्ये रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर यांनी तिथल्या भूकंपाच्या धोक्यावर ‘करंट सायन्स’मध्ये निबंध लिहिला, त्यावर प्रतिवाद झाले. तो वाद मुळातून वाच. विज्ञानातली अनिश्चितता कशी मांडायची आणि लोकांपर्यंत पोचताना तिचं काय होतं, हे त्यातून कळतं. प्रकल्प चांगला की वाईट हे मी इथं सांगणार नाही, माझी मतं माझ्यापाशी. पण दोन्ही बाजूंकडून बोलताना सड्याला, म्हणजे कातळाच्या सपाट माळाला, ‘पडीक’ म्हटलं जातं, याला माझी ठाम हरकत आहे. महसुली नोंदीत पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेला कातळ पावसाळ्यात चार महिने निळ्या-पांढऱ्या फुलांनी भरतो, त्याच्यावर साचलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींत उतरतं, गुरं तिथंच चरतात, आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत. ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. हरित ऊर्जेसाठी पहिली नजर अशा ‘पडीक’ जमिनीवरच जाते. सड्यावर सौर प्रकल्प झाला तर खालच्या विहिरींचं काय होईल, एवढा एक प्रश्न घेतलास तरी पीएच.डी. पुरी होईल.

छोट्या पातळीवरची ऊर्जाही विसरू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे नळपाणी योजना बंद, मोबाइलचे टॉवर बंद, बँक बंद. त्या काळात छतावर चार पॅनेलं असलेली घरं गावाची चार्जिंगची जागा झाली होती. पण खाऱ्या हवेत पॅनेलच्या चौकटी आणि जोडण्या किती वर्षं टिकतात, वादळात कुठली बांधणी उडते आणि कुठली तगते, याचा किनाऱ्यावरचा पद्धतशीर अभ्यास हवा आहे. अभियांत्रिकीच्या एखाद्या मुलाला बरोबर घेऊन तुला तो करता येईल.

आता समुद्राकडे. इथं आपल्याकडच्या संस्थांनी फार मोठं काम केलं आहे आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी हिंद महासागर कसा तापतो आहे, त्याचा मोसमी पावसावर काय परिणाम होतो हे वर्षानुवर्षं लावून धरलं. त्यांच्याच २०१७ च्या एका निबंधात, मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं दाखवलं आहे, आणि त्यासाठी लागणारी वाफ मुख्यतः आपल्या अरबी समुद्रातून जाते. त्याच संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासात १९८२ ते २०१९ दरम्यान अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. भू-विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या मूल्यमापनानुसार उत्तर हिंद महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरनं वाढत होती. त्याआधीच्या शतकभरात हा वेग १.०६ ते १.७५ मिलिमीटर होता.

समुद्रपातळीचे शतकभराचे आकडे विश्वासानं सांगता येतात, कारण मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून कुणीतरी भरती-ओहोटीची नोंद ठेवत आलं आहे. मला या क्षेत्रात सगळ्यात जास्त आदर वाटतो तो अशा माणसांबद्दल. कीलिंग यांचंही मोठेपण तेच. एकच गोष्ट, एकाच जागी, एकाच पद्धतीनं, न थांबता.

आणि आपलं नेमकं तिथंच अडतं. २०२१ मध्ये एका गटानं संगणकाला शिकवून हवामानबदलाच्या परिणामांवरचे १,०२,१६० निबंध जगाच्या नकाशावर मांडले. श्रीमंत देशांत राहणाऱ्यांच्या वाट्याला भरपूर पुरावा आणि गरीब देशांत राहणाऱ्यांच्या वाट्याला जवळपास निम्माच, असं दिसलं. पाऊस आणि तापमानाचे बदल तिथंही होत आहेत, फक्त त्यांचा परिणाम कुणी नोंदवलेला नाही. संशोधनाचा कल आज जागतिक सरासरीकडून गावाकडे आला आहे. अनुकूलन, स्थानिक परिणाम, हानीची भरपाई, हे आजचे विषय आहेत. २०२२ च्या शर्म अल-शेखच्या जागतिक हवामान परिषदेत नुकसानभरपाईच्या निधीचा निर्णय झाल्यापासून तर ‘तुमच्या गावात नेमकं काय बिघडलं’ याला पुराव्याची किंमत आली आहे. आणि गावात पोचल्यावर जगाला जे लागतं ते, म्हणजे सलग नोंदी, ते आपल्याकडे नाही. त्यामुळे कोकण सोडावं लागेल का, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: नोंदणीसाठी, अभ्यासक्रमासाठी, संगणकीय काम शिकण्यासाठी वर्षभर पुण्याला किंवा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जा. जरूर जा. पण तुझी मोजण्याची जागा देवगडात असू दे.

कारण तुझ्या वडिलांच्या बागेतच एक उत्तम विषय आहे. हापूसला मोहोर यायला थंडी लागते, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. हल्ली थंडी उशिरा येते, तुटक येते, मध्येच पुन्हा पडते. पहिल्या मोहोराला कणी, म्हणजे इवलं फळ, धरलेली असताना झाड पुन्हा मोहोरतं आणि पहिली फळं गळतात. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ या पुनर्मोहोरावर जिबरेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस करतं, ती वडील करतही असतील. फळपीक विम्याची भरपाई मात्र झाडाकडे बघून ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरते. केंद्र असतं एखाद्या उघड्या जागी, बाग असते घळीत, नाहीतर समुद्राकडे तोंड केलेल्या कातळावर. या जागांच्या पहाटेच्या तापमानात किती फरक असतो? एका महसूल मंडळात सडा, उतार, घळ, खाडीकाठ अशा जागी तापमानाच्या नोंदी घेणारी वीस छोटी यंत्रं झाडाच्या सावलीत, एकाच उंचीवर टांगायची. ऑक्टोबर ते मे, पाच वर्षं. सोबत मोहोर कधी आला, कणी कधी धरली, तुडतुडा कधी दिसला, याची बागायतदाराकडून तारीखवार नोंद. यात खर्च थोडा आहे आणि निघालेलं उत्तर विम्याच्या निकषांना थेट भिडणारं असेल. फसलेल्या विम्याची तक्रार आपल्याकडे सगळे करतात, पण तक्रारीच्या पाठीशी उभा राहील असा आकडा कुणाजवळ नसतो.

वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या कासवांच्या घरट्यांबद्दलही सांगतो, पण थोडक्यात. ऑलिव्ह रिडलेच्या अंड्यांतून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या जास्त. संवर्धनासाठी घरटी एका कुंपणात हलवली जातात, तिथल्या वाळूचं तापमान मूळ जागेपेक्षा वेगळं असू शकतं. वन खातं आणि कासवमित्र यांच्या परवानगीनं आणि सोबतीनंच हे काम करावं, एकट्यानं अजिबात नाही.

उष्म्याचा विषय मला तुझ्यासाठी विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण बायांशी बोलायला बाई हवी. जगभर आता नुसत्या तापमानाऐवजी आर्द्रतेसह उष्म्याचा अभ्यास होतो. ओल्या फडक्यानं गुंडाळलेला तापमापक ३५ अंश दाखवू लागला की शरीर थंडच होऊ शकत नाही, असं २०१० मध्ये मांडलं गेलं. २०२२ च्या प्रयोगांत धडधाकट तरुणांनाही ३१ अंशांच्या आसपासच त्रास सुरू होतो असं दिसलं. आपल्याकडे किनारी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त लागतं. पण ३४ अंशांच्या दमट दुपारी काजूच्या कारखान्यात भाजणीजवळ बसलेल्या, किंवा हर्णैच्या वाळूत सुकट पसरणाऱ्या बाईच्या अंगाचं काय होतं? ती लाट कुठल्याही नोंदीत येत नाही. किती वेळा पाणी प्यायली, लघवीला जायची सोय नाही म्हणून किती वेळा प्यायली नाही, हे ती मला सांगणार नाही, तुला सांगेल.

आता नोंदींबद्दल एक माझी चूक सांगतो, म्हणजे तुझी तीन वर्षं वाचतील. सुरुवातीच्या काळात मी एका किनारी गावातल्या विहिरींचं खारेपण मोजत होतो. वाळूच्या किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत ते टिकतं, आणि पंपानं वरचं थोडं उपसलं की खालून खारं बरंच वर येतं. तीन उन्हाळे मी सवड मिळेल तशी मोजणी केली. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी अष्टमीला, कधी पुनवेला. भरती होती की ओहोटी, पंप नुकताच चालला होता का, काहीच लिहिलं नव्हतं. आकडे वरखाली होत होते आणि कशामुळे ते सांगता येईना. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिचा उपयोग होत नाही.

त्यानंतर एका दर्यावर्दीनं मला पाऊणकी शिकवली, म्हणजे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अमावास्येला-पुनवेला सव्वाअकरा. कोष्टक हाताशी नसताना ठोकताळा म्हणून हे आजही उपयोगी पडतं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे तिथी, घड्याळाची वेळ, कोष्टकातली भरतीची वेळ, पंप शेवटचा कधी चालला आणि दोरी किती हात गेली हे लिहिलेलं असतं. खारेपणाचा मीटर रोज सकाळी ठरावीक वाहकतेच्या, म्हणजे १४१३ मायक्रोसीमेन्सच्या, प्रमाण द्रावणात तपासायचा. तपासला नाही तर त्या दिवशीचे आकडे लिहायचे नाहीत.

सरकारी आकड्यांवर फार अवलंबून राहू नकोस. एका कार्यालयात पर्जन्यमापकाच्या नोंदींसाठी मी दोन वर्षं खेटे घातले आणि शेवटी हाती आल्या त्या भिजून चिकटलेल्या वह्या. अर्ज करच, पण तोवर स्वतःची मोजणी सुरू कर.

निबंध छापण्याच्या घाईत पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांकडे वळू नकोस. २०२२ च्या नियमांनंतर पीएच.डी.साठी निबंध प्रसिद्ध करण्याची केंद्रीय सक्ती उरलेली नाही, तुझ्या विद्यापीठाची अट वेगळी असेल तर ती आधी विचारून घे. पाच वर्षांत दोन चांगले निबंध पुरे. आणि ज्या गावातून माहिती घेतली तिथं निष्कर्ष मराठीत, एका पानावर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाव. राजापूरच्या त्या आजोबांना मी नकाशाची छापील प्रत नेऊन दिली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा कुणगा कुठे ते बोटानं शोधलं, मग आमच्या दोन चुका दाखवल्या. दुसऱ्या आवृत्तीत त्या दुरुस्त झाल्या.

येत्या अमावास्येला मी देवगड-जामसंडे भागातल्या आठ विहिरींवर असेन. पूर्ण भरतीच्या तासभर आधी पहिली विहीर, म्हणजे सव्वादहाला. यायचं असेल तर कळव. मीटर माझ्याकडे आहे. तू जाड पुठ्ठ्याची वही आण आणि पेन्सिल आण, शाईचं पेन नको, पाण्यानं अक्षर फुटतं.